बेसिनचा टवका

जगात पांढरा रंग एकच असतो असं ज्याला वाटतं, त्याच्या घरातल्या बेसिनचा टवका अजून उडालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्याकडे उडाला. जेवायच्या खोलीतलं बेसिन, आल्यागेल्याने हात धुवायचं. त्याच्या पुढच्या काठाला, बरोब्बर मधोमध, जुन्या चार आण्याएवढा. मागच्या बाजूला उडाला असता तर साबणदाणी सरकवून झाकला असता. खालच्या अंगाला उडाला असता तर वाकून बघायला कोण जातंय? पण आमच्या घरातल्या वस्तू खराब होताना आधी पाहुण्यांची सोय बघतात. सोफा फाटतो तो बसायच्या जागी, पंखा कुरकुरतो तो दिवाणखान्यातला, आणि बेसिन फुटतं ते दर्शनी बाजूला.

फरशीवर स्टीलचा तांब्या आडवा पडला होता, शेजारी चिनीमातीचे कपचे, आणि त्या क्षणी घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या कामात कधी नव्हे इतकं गढून गेलं होतं. मुलगी तर चक्क अभ्यास करत होती.

"तांब्या कुणी पाडला?"

"कुठला तांब्या?" आईने विचारलं.

"हा."

"हा होय! मला वाटलं, हा आपण मोडीत दिला."

"मी तर आत्ताच आले," बायको म्हणाली. ती सकाळपासून घरात होती.

शेवटी तांब्या स्वतःहून पडला, असं सर्वानुमते ठरलं. एवढ्या उंचीवरून पडून, वाटेत एक बेसिन फोडून, त्याला स्वतःला साधा पोचाही आला नव्हता. "जुनं स्टील ते!" असं आई नंतर बरेच दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत होती. बेसिनची विचारपूस कुणी केली नाही.

चिनीमातीचा टवका जवळून बघण्यासारखा असतो. वर झिलईचा पातळ, चकचकीत थर. तो जिथे संपतो तिथे एकदम कोरडी, करडट पांढरी, खरखरीत माती. एवढी वर्षं आपण ज्याला बेसिन म्हणत होतो तो नुसता वरचा मिलिमीटरभर मुलामा होता, आणि खरं बेसिन हे असं होतं, हे बघून जरा धक्काच बसतो. टवक्याची कड विलक्षण धारदार असते. "बोट लावू नका, कापेल," असं मी प्रत्येकाला बजावलं. प्रत्येकाने बोट लावून बघितलं. बँडेडची पट्टी त्या संध्याकाळीच संपली.

अशा चांगल्या भाजलेल्या चिनीमातीत पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शिरतं, असं शास्त्र सांगतं. शास्त्राने आमच्याकडचा रविवारचा रस्सा बघितलेला नाही. झिलई गेल्यावर ती खरखरीत जागा हळद धरून ठेवते आणि सोडत नाही. पहिल्याच रविवारनंतर टवका पिवळा झाला, मग केशरी, आणि आता तो हॉलमधल्या सोफ्यावर बसूनही दिसायला लागला.

"बेसिनच बदलून टाकू," मी म्हणालो आणि प्लंबरला बोलावलं.

आमच्या प्लंबरची एक खासियत आहे. तो आधी मान हलवतो आणि मग काय झालंय ते विचारतो.

"बेसिनचं काही नाही हो, साहेब. बेसिन मिळेल. पण ह्याचे ब्रॅकेट टाइलच्या आतून गेलेत. ते काढताना टाइल जाणार."

"किती जातील?"

"दोन. दोन म्हणजे चार धरा."

"चार नव्या लावू."

इथे तो पहिल्यांदा हसला. "ही टाइल? ही आता कुठून आणणार?"

आमची टाइल आठ बाय बाराची, बदामी, आणि दर सहावीवर टोपलीतली द्राक्षं, एक सफरचंद आणि बाजूला वाफाळता कॉफीचा कप. द्राक्षांबरोबर कॉफी कोण पितं, हा प्रश्न मला ती बसवल्यापासून पडलेला आहे. पण एके काळी ठाण्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत हाच बेत होता. मोरबीला टाइल्सचे शेकडो कारखाने आहेत आणि तिथली डिझाइनं सरड्याला लाजवतील इतक्या वेगाने बदलतात. तिथे जाऊन आमची द्राक्षं मागितली तर दुकानदार आपल्या आजोबांना बोलावून आणील.

"मग अख्खी भिंत करावी लागेल," प्लंबर म्हणाला. "भिंत फोडली की आतला जुना जीआयचा पाइप दिसणार."

"दिसू दे ना."

"दिसला की बदलावा लागतो. आणि पाइपाला हात लावला की खालच्यांच्या छताची ओल..."

"ती तर आधीपासूनच आहे!"

"आहे. पण मग ती तुमची ठरते."

चार आण्याच्या टवक्यापासून निघालेला हा माणूस बोलता बोलता आम्हाला दोन महिने भाड्याच्या जागेत हलवून आला होता. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. जाताना तो खाली सेक्रेटरींशी बोलला असणार, कारण संध्याकाळी ते हजर.

"बेसिन बदलताय म्हणे? जुनं फेकू नका हं. गच्चीवरचा चायना मोझॅक उखडलाय, आपल्याला तुकडे लागतात."

आमच्या गच्चीवर सगळी फुटकी टाइल सिमेंटात बसवलेली आहे. पांढरी असली की ऊन परतवते, उतार नीट दिला की पाणी साचत नाही, आणि मुख्य म्हणजे फुकट मिळते. ह्या गच्चीवर मांडी घालून बसलं की बिल्डिंगचा सगळा खासगी इतिहास वाचता येतो: कुणाच्या न्हाणीघरात पूर्वी आकाशी होतं, कुणी हौसेने काळं करून घेतलं आणि वर्षभरात पांढऱ्यावर आलं. सेक्रेटरींनी आमच्या बेसिनकडे वळून, त्यातून साधारण किती चौरस फूट निघतील ह्याचा अंदाज घेतला. ती नजर मला आवडली नाही. चंडीगडला नेकचंद नावाच्या सरकारी रस्ते-निरीक्षकाने असल्याच फुटक्या कपबश्या, बांगड्या आणि बेसिनं गोळा करून, सरकारच्या नकळत, जंगलाच्या जागेत अख्खी बाग उभी केली. 1976 साली ती लोकांसाठी खुली झाली आणि 1984 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या सेक्रेटरींना एवढी महत्त्वाकांक्षा नाही. त्यांना सातव्या मजल्याची गळती थांबली की पुरे.

तेव्हा बेसिन बदलायचं नाही, बुजवायचं, असं ठरलं. आणि ज्या घरात गेली कित्येक वर्षं दाराची कडी दुरुस्त झालेली नाही, त्या घरात एकाएकी सगळेच जाणकार निघाले.

मुलीने व्हाइटनर लावला. तो छान दिसला, पहिली गुळणी होईपर्यंत. वहिनींनी पांढरं नेलपॉलिश सुचवलं, कारण त्यांच्या भिशीतल्या एकीने लावलं होतं आणि "अजून आहे." वॉचमन म्हणाला, व्हाइट सिमेंट भरा, त्याच्या गावाकडे देवळाचा कळसही त्याच्यावर उभा आहे. व्हाइट सिमेंट भरलं. ते कळसावर टिकत असेल, कारण कळसावर कुणी भांडी विसळत नाही. सासरेबुवांनी फोनवरून टूथपेस्टचा उपाय सांगितला. तो मुळात खिळ्यांच्या भोकांसाठी आहे हे मी नम्रपणे निदर्शनाला आणलं, तेव्हा ते म्हणाले, "टवका म्हणजे तरी काय? मोठं भोकच."

मग मेहुणा आला. तो इंजिनिअर आहे. म्हणजे त्याला कुठलीही वस्तू दुरुस्त करता येत नाही, पण ती का दुरुस्त होणार नाही हे फार सुरेख सांगता येतं.

"मूळ मुद्दा समजून घ्या, भाऊजी," तो पोहे खाता खाता म्हणाला. "झिलई म्हणजे रंग नव्हे. काच आहे ती. बेसिनच्या अंगावर तिचं पातळ कालवण फवारतात आणि बाराशे डिग्रीच्या आसपास भाजतात. तेव्हा ती वितळून अंगाशी एकजीव होते. एकदा ते झालं की झालं. आता घरी बसून झिलई चढवणं ह्या जन्मी शक्य नाही."

"आपला ओव्हन आहे ना," आई म्हणाली.

"त्याचं शेवटचं टोक अडीचशे, आई."

"मग जास्त वेळ ठेवायचं."

मेहुण्याने पोह्यांवर लक्ष केंद्रित केलं. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही भरून भरून काय भराल? एपॉक्सी. वरून काय द्याल? रंग. थोडक्यात, मेकअप. फक्त तो उतरता कामा नये." एवढं सांगून आणि दुसऱ्यांदा पोहे घेऊन तो गेला. जाताना मला म्हणाला, "अवघड आहे." हे त्याने अशा समाधानाने सांगितलं की काम अर्धं झाल्यासारखं मलाही वाटलं.

भाचा बंगळुरूला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर टवका बघितला आणि काही क्षण काही बोललाच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"मामा," तो हळव्या आवाजात म्हणाला, "लपवू नकोस. साजरा कर."

"काय?"

"टवका."

जपानात किंत्सुगी नावाची कला आहे. फुटलेला वाडगा उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड देतात. तडा लपवायचा नाही, उलट चमकवायचा. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा नावाचा शोगुन होता. त्याच्या चिनी वाडग्याला तडा गेला. त्याने तो चीनला पाठवला, की असाच दुसरा द्या. तिकडून उत्तर आलं, आता असा माल निघत नाही. आणि तोच वाडगा धातूच्या टाचण्या मारून परत आला. अशी आख्यायिका आहे, आणि टाचण्या मारलेला तो वाडगा टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही आहे. असल्या टाचण्या बघवेनात म्हणून जपानी कारागीर सोन्याकडे वळले, असं सांगतात. फुटलेली वस्तू बदलून मागावी आणि "स्टॉक नाही" म्हणून तीच ठोकठाक करून परत यावी, हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही आणि फक्त आजचाही नाही, हे कळून मला शोगुनाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"सोनं?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती दोन भिंतींपलीकडून नेमका हाच शब्द ऐकू शकते. "हात धुवायच्या बेसिनला सोनं? आणि आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मला काय आणलं होतं?"

"मिक्सर," मी म्हणालो.

"मामी, तीन जारचा होता," भाच्याने फोनमधून मला आधार द्यायचा प्रयत्न केला.

उरुशीची आणखी एक गंमत म्हणजे ती वाळते दमट हवेत. सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते तिला. कोरड्या हवेत ती पक्की होतच नाही, म्हणून जपानी कारागीर वस्तू मुद्दाम ओलसर पेटीत ठेवतात. ज्या हवेत आमचे टॉवेल आषाढापासून श्रावणापर्यंत वाळत नाहीत, त्या हवेत ही लाख उत्तम वाळणार! ठाण्यातला पावसाळा कशाला तरी उपयोगी पडतो हे मला पहिल्यांदाच कळलं. मी जवळजवळ तयार झालो होतो. तेवढ्यात भाचा म्हणाला, "फक्त कच्चा चीक अंगाला लागू देऊ नकोस. फोड येतात, खाज सुटते, तोंड सुजतं."

"म्हणजे बिब्बाच की!" आई म्हणाली. "सरळ सांग ना, बिब्बा उततो तसा उततो."

आईचं वनस्पतिशास्त्र पक्कं आहे. आंबा, काजू, बिब्बा आणि ते जपानी झाड, सगळी एकाच कुळातली मंडळी. लहानपणी आमच्या शेजारच्या काकांना बिब्बा उतला होता, ते दृश्य आईने इतक्या तपशिलात वर्णन केलं की किंत्सुगीचा विषय बंद झाला.

खरं सांगायचं तर आमच्याकडे चिनीमाती दुरुस्त करतच नाहीत. ती निवृत्त करतात. सहा कपांचा सेट आला की त्यातला एक कप महिन्याभरात जातो, आणि पुढे आयुष्यभर तो सहाचा सेट म्हणूनच ओळखला जातो. उरलेल्यांची पायरी ठरलेली. काठाचा बारीक टवका उडाला की कप पाहुण्यांच्या ट्रेमधून उतरून घरच्या चहात येतो. टवका जरा मोठा झाला की तो माझा होतो. मी उजव्या हाताने धरला की टवका नेमका पलीकडे जातो, असा शोध बायकोने लावलेला आहे. कान तुटला की तांदूळ मोजायला. बुडाला तडा गेला की दात घासायचे ब्रश. आणि अगदीच दोन भाग झाले तर त्यातला मोठा भाग कोरफडीला. फुटकी चिनीमाती घरात ठेवू नये, असं आई सगळ्यांना सांगते आणि ह्या सगळ्या नेमणुका तीच करते. धुण्याभांड्याच्या मावशींना आम्ही कधीही फुटक्या कपात चहा देत नाही, हेही आमच्याकडे सगळे ठासून सांगतात. मावशींनी स्वतःचा कप घरून आणून ठेवलाय, एवढं सांगायचं राहून जातं.

पण बेसिनला अशी बढती देता येत नाही. त्यात कोरफड लावली तर हात कुठे धुवायचे?

शेवटी मी स्वतःच एपॉक्सीची पुट्टी आणली. दोन रंगांच्या दोन गोळ्या, सारख्या मापाच्या घ्यायच्या आणि एकच रंग दिसेपर्यंत मळायच्या. पाकिटावर बारीक अक्षरांत सूचना होती: जागा स्वच्छ, तेलविरहित आणि पूर्ण कोरडी असावी. ह्या तीन अटी पुऱ्या करणारी एकही जागा आमच्या घरात नाही. बेसिन तर सोडाच. तरी मी मुख्य कॉक बंद केला, हेअर ड्रायर फिरवला आणि नळाला पाटी लावली: "बेसिन वापरू नये."

पाटीने काय होतं? समोरचे काका पेपर न्यायला आले. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली. "का हो, वापरू नये का?" असं विचारता विचारता त्यांनी नळ सोडला. पाइपात उरलेलं तेवढं पाणी आलंच. आईने फक्त बोटं ओली केली, कारण बोटं ओली करणं म्हणजे वापरणं नव्हे. मुलीने बेसिन वापरलं नाही, फक्त त्यात थुंकली. आणि मी? मी मळून मळून हात चिकट झाले म्हणून, पाटी बाजूला सारून, सवयीने नळाखाली हात धरले.

पुट्टी मळताना हातातच गरम होते आणि मग घाई करते. फोनवर मेहुण्याला "सारखं माप म्हणजे वजनाने की आकाराने" हे विचारून त्याचं व्याख्यान संपेपर्यंत माझा गोळा दगड झाला. पुढचा गोळा मात्र वेळेत टवक्यात बसला. अंगठ्याने दाबून काठाशी सपाट केला आणि रात्रभर सोडला. सकाळी बघतो तर ज्या माझ्या अंगठ्याला आजवर एकाही मशीनने ओळखलेलं नाही, ज्याच्यासाठी मी काउंटरवर ओला रुमाल, व्हॅसलीन, सगळं करून बघितलंय, त्याचा ठसा प्रत्येक रेषेनिशी बेसिनवर उमटला होता. खाली तारीख घातली असती तर खरेदीखतच.

ठसा घासून काढायला काळा पाण्याचा पेपर आणला, आधी चारशे नंबरचा, मग आठशे, मग बाराशे. घासता घासता पुट्टी गुळगुळीत झाली आणि तिच्या आजूबाजूची झिलई मात्र नाराज झाली. तिची चमक तेवढ्यापुरती गेली. आता चार आण्याच्या टवक्याभोवती रुपयाएवढं ग्रहण.

राहिला रंग. मी रंगाच्या दुकानात गेलो.

"पांढरा द्या."

"कुठला पांढरा?"

"पांढरा. साधा. पांढरा पांढरा."

दुकानदाराने कीव करून शेडकार्ड उघडलं. त्यात पांढरे इतके होते की शेवटच्या पानापर्यंत पोचेतो मला सगळंच निळसर दिसायला लागलं. एक दुधाळ, एक हस्तिदंती, एक बर्फाचा, एक मोगऱ्याचा. एक होता तो चक्क पिवळा, पण त्याच्याही नावात पांढरा.

"तुमचं बेसिन घेऊन या, मॅच करून देतो," तो म्हणाला.

"नळासकट?"

"मग टवका आणा."

टवक्याचे कपचे मावशींनी त्याच दिवशी झाडून टाकले होते. मी फोनमधला फोटो दाखवला. फोटोत बेसिन आकाशी दिसत होतं आणि मागची द्राक्षं काळी. तरी अंदाजाने एक डबी आणली, रात्री ट्यूबलाइटखाली लावली आणि थक्क झालो. ओळखूच येईना! घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं. सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा तोच ठिपका लांबूनसुद्धा स्वच्छ वेगळा दिसत होता. मेहुण्याकडे ह्याचंही उत्तर होतं. झिलईला पांढरेपणा बहुधा झिरकॉनमुळे येतो, रंगाला टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. एका उजेडात दोघं जुळतात, दुसऱ्यात फारकत घेतात. "आणि एपॉक्सी उन्हाने पिवळी पडते ती वेगळीच," त्याने खुशीत सांगितलं. "तेव्हा आत्ता जुळलं तरी पुढे जुळेल असं नाही." हे ऐकून बायकोने माझ्याकडे बघितलं. मी नजर बेसिनवर ठेवली.

आता रात्री ट्यूब लावून पाहुण्यांना बोलवायचं आणि दिवसा कुणाला घरात घ्यायचं नाही, एवढाच उपाय होता. पण आमची गाडी गॅरेजात होती, आणि ती आणायला गेलो असताना डेंटिंग-पेंटिंगचा मेस्त्री एका दारावर हात फिरवत बसलेला दिसला. तो दाराकडे बघत नव्हता, डोळे मिटून नुसता तळवा फिरवत होता. मी त्याला हळूच विचारलं.

"बेसिन? कुठली कंपनी?"

"कंपनी माहीत नाही. पांढरं आहे."

"पांढरं म्हणजे कुठल्या गाडीचं पांढरं?"

ह्या माणसाशी आपलं जमणार हे मी ओळखलं. रविवारी तो छोटा कॉम्प्रेसर घेऊन घरी आला. बेसिनसमोर उकिडवा बसला, डोळे मिटून तळवा फिरवला आणि म्हणाला, "ह्याच्या आधी कुणी हात मारलाय?"

"असेल कुणी," मी म्हणालो.

"लांबी चुकीची भरलीय. काढावी लागेल." माझ्या पुट्टीचा शेवटचा अवशेष त्याने पत्र्याच्या पट्टीने उडवला आणि आपली लांबी भरली, माझ्यासारखी अंगठ्याने नव्हे, पट्टी तिरकी धरून एका फटक्यात. घासली. बोट. पुन्हा घासली. पुन्हा बोट. मग सगळ्या खोलीला वर्तमानपत्रं आणि टेप. आईलाही तो झाकणार होता, पण ती आपणहून आत गेली. मग त्याने पिशवीतून तीन गाड्यांचे तीन पांढरे काढून पत्र्याच्या तुकड्यांवर मारले, खिडकी उघडली, ते तुकडे बेसिनशेजारी धरले आणि ऊन येईपर्यंत बिडी ओढायला खाली गेला. एवढ्या सगळ्या उपद्व्यापात दिवसाच्या उजेडाची वाट बघावी हे सुचलेला हा पहिला माणूस.

आमचं बेसिन मारुतीच्या सुपीरियर व्हाइटशी जुळलं. आमची स्वतःची गाडी चॉकलेटी आहे, पण तो मुद्दा वेगळा.

रंग, त्यावर लॅकर, मग दुसऱ्या दिवशी येऊन रबिंग आणि पॉलिश. घरभर थिनरचा वास. त्या दिवशीच्या वरणालाही तो होता आणि कुणी काही बोललं नाही. निघताना मेस्त्रीने नेहमीच्या सवयीने सूचना दिल्या: "आठ दिवस वॉशिंगला टाकू नका. उन्हात लावू नका. कव्हर घालायचं तर कॉटनचं."

आणि टवका गेला. खरोखर गेला. ट्यूबमध्ये नाही, उन्हात नाही, हात फिरवून नाही, कुठेही तो नव्हता. इथून माझे हाल सुरू झाले.

कारण कुणाच्या लक्षातच येईना. बेसिन जसं सगळ्यांच्या घरी असतं तसं होतं. माणसं येत, हात धुवत, जात. आमच्या ओळखीतलं एक जोडपं मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलं. मी म्हणालो, "हात धुवा ना."

"नको, लगेच निघायचंय. अजून बऱ्याच पत्रिका द्यायच्यात."

"धुवा हो. असं कसं!"

बिचाऱ्यांनी धुतले. मी टॉवेल घेऊन मागे उभा. "काही वाटलं?"

"हो," ते संकोचून म्हणाले, "साबण संपलाय."

मग मी फोनमधला टवक्याचा फोटो दाखवायला लागलो. लोक फोटो बघून हळहळत आणि "हे तुमच्याच घरातलं का?" असं विचारत. शेवटी मेहुण्याला बोलावलं. म्हटलं, हा जाणकार आहे. चष्मा पुसून तो वाकला. बऱ्याच वेळाने डाव्या कोपऱ्यावर, जिथे कधीही काही झालं नव्हतं, जी झिलई कारखान्यातून आली तशीच होती, तिथे बोट ठेवून म्हणाला, "इथे. लगेच कळतंय, भाऊजी. फिनिशिंग जमलं नाही."

"त्यापेक्षा सोनं भरलं असतं तर स्वस्तात पडलं असतं," बायको म्हणाली. "निदान तुम्ही बोलला नसता."

बिल्डिंगमध्ये मात्र बातमी गेली. तिसऱ्या मजल्यावरून लोणच्याची बरणी आली, तिचं झाकण दोन तुकड्यांत. पाचव्यावरून कमोडच्या टाकीची चौकशी आली. मेस्त्रीचा नंबर मी सगळ्यांना देत होतो, पण लोक वस्तू माझ्याच दारात ठेवून जात. ज्या सेक्रेटरींचा माझ्या बेसिनवर डोळा होता, ते आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते, कारण आता कुणीच काही फोडून देईना आणि गच्चीचं काम अडलं. मग एका रात्री उशिरा त्यांनी बेल वाजवली. जिन्यात कुणी नाही ना हे बघून म्हणाले, "आमच्याही बेसिनचा उडालाय. कुणाला सांगू नका. तो तुमचा माणूस येईल का?"

मेस्त्री दुसऱ्या दिवशी आला. आम्ही तिघं त्यांच्या बेसिनसमोर उभे राहिलो. ते त्यांच्या वडिलांनी हौसेने बसवलेलं होतं आणि नखशिखान्त गुलाबी होतं. मेस्त्रीने डोळे मिटून हात फिरवला, उघडले, आणि बराच वेळ विचार करून म्हणाला, "काका, ह्या कलरची गाडी अजून आपल्याकडे आली नाही. स्कूटीचा चालेल?"